बाखचा अख्खा बॉक्स घ्यायचाय? मग आधी कँटाटा कोणाचे आहेत ते बघा

योहान सेबास्टियन बाख या जुन्या जर्मन संगीतकाराने लिहिलेलं सगळंच्या सगळं सीडींच्या एका खोक्यात मिळतं हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस थोडा वेडाच होतो. मी पण झालो होतो. मग दोन-तीन महिने नुसते आकडे बघण्यात गेले, कुठल्यात किती सीडी, कुठल्यात पुस्तक आहे, कोणाचं खोकं किती देखणं, आणि शेवटी घेतला तो चुकीच्या कारणासाठी घेतला. तेव्हा तुम्ही आत्ता त्याच उंबरठ्यावर असाल तर हे वाचा.

चार नावं फिरून फिरून समोर येतात. एक, डॉयचे ग्रामोफोन आणि डेक्का या रेकॉर्ड कंपन्यांनी २०१८ मध्ये काढलेला 'बाख ३३३', म्हणजे १६८५ च्या जन्माला ३३३ वर्षं झाली म्हणून, २२२ सीडी आणि वर एक डीव्हीडी. दोन, हेन्सलरचा, कंडक्टर हेल्मुट रिलिंगच्या देखरेखीखाली झालेला, १७२ सीडी. तीन, टेल्डेकचा 'बाख २०००', १५३ सीडी. चार, ब्रिलियंट क्लासिक्सचा, ज्याच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत, २००६ ची १५५ सीडींची आणि २०१४ ची १४२ ची. सगळ्यात स्वस्त हाच आणि बाकीच्यांपेक्षा बराच स्वस्त.

आता आकड्यांवर जाऊ नका. २२२ सीडी म्हणजे १४२ पेक्षा ८० सीडींचं जास्त बाख असं अजिबात नाही. ३३३ मध्ये एकाच रचनेची दोन-दोन, कधी त्याहून जास्त रेकॉर्डिंग आहेत, जुनी ऐतिहासिक आहेत, थोडीफार नवीन केलेली आहेत. एकूण २८० तास. रोज न चुकता एक तास ऐकलंत तरी नऊ महिने लागतात, आणि रोज न चुकता कोण ऐकतं?

खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला फार उशिरा कळला. यातल्या कुठल्याही बॉक्समधला सगळ्यात मोठा गठ्ठा कँटाटांचा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदाने मिळून सादर करायच्या अनेक भागांच्या रचनांचा, असतो. धार्मिक कँटाटा जवळपास दोनशे उरलेत, आणि ब्रिलियंटमध्ये त्यांच्या ५० सीडी, टेल्डेकमध्ये ६०, रिलिंगच्या सत्तरच्या आसपास. म्हणजे तुमच्या पैशाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, एकाच कंडक्टरच्या हातात (टेल्डेकमध्ये दोघांच्या) जातो. ब्रॅन्डेनबर्ग कॉन्चेर्टो, चेलो स्वीट्स, गोल्डबर्ग व्हेरिएशन्स हे बाखचं बाकीचं गाजलेलं सगळं तुम्हाला सुटं कुठेही मिळेल आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं मिळेल. कँटाटा मात्र एकदा घेतले की त्याच गायकांबरोबर वर्षानुवर्षं राहायचंय. त्यामुळे बॉक्स निवडायचा म्हणजे कँटाटाचा संच निवडायचा, बाकीचं सगळं वरकड.

तर एकेक बघू.

रिलिंग. हे काम १९७० च्या सुमाराला सुरू झालं आणि १९८५ ला, बाखच्या तीनशेव्या वर्षात, पूर्ण झालं. आधुनिक वाद्यं, मोठा भरदार कोरस, बायकांचे आवाज, सगळं ऑपेरा-मैफिलीतल्या दर्जाचं. आर्लीन ऑगरचा सोप्रानो (सगळ्यात वरच्या पट्टीचा आवाज) यात भरपूर आहे आणि नुसत्या तिच्यासाठी हा सेट घेणारे लोक आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. कँटाटा ८२, 'इख हाबे गेनुग', त्यात फिशर-डीस्काऊ गातो, उतारवयातला आवाज आहे पण शब्द असे उच्चारतो की जर्मन न येणाऱ्यालाही काहीतरी कळल्यासारखं वाटतं. तक्रार एकच, पण मोठी: सलग चार कँटाटा ऐकले की जड होतं. व्हिब्राटो (आवाजातली थरथर), ठाशीव ताल, सगळं कसं इस्त्री केलेलं. तुमचा कान जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगवर तयार झाला असेल तर हे तुम्हाला जुनाट वाटेल. नसेल तर उलट हाच सगळ्यात आपलासा वाटेल.

टेल्डेक म्हणजे हार्नोनकूर्ट आणि लेओनहार्ट हे दोन कंडक्टर. १९७१ ते १९८९, अठरा वर्षं, दोघांनी कँटाटा वाटून घेतले आणि बाखच्या काळच्या वाद्यांवर केलेला हा पहिला पूर्ण संच. एलपी निघायच्या तेव्हा सोबत छापील स्कोअर यायचा, आता तो जमाना गेला. १९८० मध्ये दोघांना मिळून एरास्मस पुरस्कार मिळाला. यात सोप्रानो बहुतेक ठिकाणी मुलगे आहेत, दहा-बारा-तेरा वर्षांची पोरं, कारण बाखकडे लाइपझिगला तशीच पोरं होती. काही पोरं थक्क करतात. काही बिचारी घाबरलेली वाटतात, सूर खाली येतो, श्वास पुरत नाही, आणि आपण श्रोते म्हणून आईबापासारखे मुठी आवळून बसतो. कँटाटा ५१ इतका अवघड आहे की तिथे लेओनहार्टलाही शेवटी बाईच घ्यावी लागली. सुरुवातीच्या वर्षांतली वाद्यं पण हट्टी आहेत, हॉर्न कधी कधी चक्क घसरतात. पण हार्नोनकूर्ट शब्दाला असा धरतो, एखादं वाक्य असं तोडून टाकतो की तुम्ही हातातलं काम सोडून वर बघता. मला हा सेट सगळ्यात जास्त चिडवतो आणि सगळ्यात जास्त वेळा मी हाच काढतो. का ते विचारू नका.

ब्रिलियंट म्हणजे पीटर यान लॉयसिंक, हॉलंडचा कंडक्टर. त्याने सगळे धार्मिक कँटाटा १९९९-२००० मध्ये, वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपास उरकले. हो, उरकले हाच शब्द. तालमीला वेळ नव्हता हे ऐकू येतं, कोरसमधल्या मुलांचे आवाज कधी कधी बाकीच्यांना सोडून पुढे निघून जातात, आणि आल्टोसाठी (सोप्रानोच्या खालचा आवाज) सित्से बुवाल्डा नावाचा जो पुरुष गायक आहे त्याच्यावरून लोकांची अक्षरशः भांडणं होतात. काहींना तो आवाज सोसवतच नाही. मला चालतो, रोज नाही पण चालतो. रूथ होल्टनचा सोप्रानो मात्र स्वच्छ पाण्यासारखा आणि बास रामसेलार भरवशाचा. आणि एक गंमत बघा, खुद्द बाख लाइपझिगच्या पहिल्या एक-दोन वर्षांत जवळपास दर आठवड्याला नवीन कँटाटा लिहून रविवारी सादर करत होता, तेव्हा त्याला तरी कुठे तालमीला वेळ मिळत असणार. त्या हिशोबाने लॉयसिंकची घाई फार गैर नाही. हे वाक्य स्वस्त बॉक्स घेतलेल्या माणसाने स्वतःची समजूत घालायला काढलंय असं तुम्हाला वाटेल, तर बरोबर आहे, मी तोच घेतला होता पहिल्यांदा.

३३३ मध्ये एकाच माणसाचा संच नाही, तीसेक लेबलांकडून वेचून आणलेलं आहे, कंडक्टर गार्डिनर भरपूर, शिवाय इतर बरेच. सरासरी दर्जा चारांमध्ये सगळ्यात वर, यात वाद नाही. पण दर दोन सीडींनंतर घराणं बदललं असं कधी कधी होतं आणि एका माणसाच्या नजरेतून अख्खा बाख बघण्याचं जे सुख रिलिंगमध्ये किंवा हार्नोनकूर्टमध्ये आहे ते इथे तितकंसं नाही. हा दोष आहे की गुण हे तुमच्या स्वभावावर.

घेण्याआधी एक करा. स्ट्रीमिंगवर कँटाटा ७८ मधलं 'विअर आयलेन' हे दोन आवाजांचं गाणं रिलिंग, टेल्डेक आणि ब्रिलियंट या तिन्ही संचांतलं लागोपाठ ऐका. पाच-पाच मिनिटं. शितावरून भाताची परीक्षा होते ती इथे होते. मुलाचा आवाज सहन होतो का, आल्टो पुरुष चालतो का, तालात उडी हवी की वजन हवं, पंधरा मिनिटांत सगळं कळेल आणि मग रिव्ह्यू वाचायची गरज राहणार नाही, हासुद्धा.

कँटाटा सोडून बाकीचं पटकन सांगतो. ऑर्गनला टेल्डेकमध्ये टोन कोपमन, उत्साही, अलंकारांची पेरणी जरा सढळ हाताने. ब्रिलियंटच्या २०१४ च्या आवृत्तीत स्तेफानो मोलार्दी आहे आणि तो खरंच छान आहे, स्वस्त म्हणून दुय्यम असं काही नाही. हार्पसिकॉर्डला (पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य) तिथेच पीटर-यान बेल्डर, तोही भरवशाचा. हेन्सलरमध्ये रॉबर्ट लेव्हिनने 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर' हार्पसिकॉर्ड, क्लाव्हिकॉर्ड, ऑर्गन अशी वाद्यं बदलत वाजवलंय, ज्यांना फक्त पियानो हवा त्यांना वैताग येईल पण मला ती कल्पना फार आवडली. पियानोवाल्यांसाठी त्याच बॉक्समध्ये कोरोलिओवचं गोल्डबर्ग आहे, ते चुकवू नका.

'कम्प्लीट' या शब्दावर मात्र फार विश्वास ठेवू नका. श्मीडरने १९५० मध्ये बाखच्या रचनांची बी.डब्ल्यू.व्ही. क्रमांकांनुसार यादी केली, त्यातल्या कितीतरी गोष्टी नंतर बाखच्या नाहीतच असं निघालं. कँटाटा ५३ त्याचा नाही, १५ त्याच्या नात्यातल्या योहान लुडविग बाखचा. उलट बाजूने, २००५ मध्ये वायमारला एक एरिया (एकट्या गायकाचं गाणं) सापडली, बी.डब्ल्यू.व्ही. ११२७, आणि २००८ मध्ये एक ऑर्गनची रचना, ११२८. सन २००० चा मूळ सेट असेल तर त्यात या असणं शक्यच नाही. ३३३ वाले खूश होते, तर २०२५ मध्ये लाइपझिगला ऑर्गनसाठीच्या शाकोन प्रकारातल्या दोन रचना बाखच्या म्हणून जाहीर झाल्या. झालं, तोही अपुरा. सेंट मार्क पॅशन या बाखच्या मोठ्या धार्मिक रचनेचं तर मूळ संगीतच हरवलंय, कोणी ते दिलं असेल तर ती कोणीतरी केलेली जुळवाजुळव आहे हे लक्षात ठेवा. त्यामुळे चार-दोन तुकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका.

गाण्यांचे शब्द हा मुद्दा लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. कँटाटा शब्दांशिवाय ऐकणं म्हणजे अर्धंच ऐकणं. ३३३ मध्ये जाडजूड पुस्तकं आहेत, शब्द आहेत, इंग्रजी भाषांतर आहे. ब्रिलियंटमध्ये छापील शब्दांची अपेक्षा ठेवू नका. आता सगळे शब्द इंटरनेटवर मिळतात म्हणा, पण संध्याकाळी दिवा लावून मांडीवर पुस्तक घेऊन बसणं आणि फोनवर बोटाने सरकवत बसणं यात फरक आहे.

सेकंडहँड घेणार असाल (आणि ३३३ लिमिटेड एडिशन म्हणून निघाला होता, टेल्डेकही जुना, म्हणजे बऱ्याचदा तसाच घ्यावा लागेल) तर विकणाऱ्याकडून प्रत्येक पाकीट उघडून मोजून घ्या. पाकिटं नव्हे, आतल्या सीडी. माझ्या टेल्डेकमध्ये पाकिटं बरोबर १५३ होती, पण एका पाकिटात दुसऱ्याच सीडीची जोड प्रत निघाली, आणि ते मला सात महिन्यांनी कळलं कारण तिथपर्यंत पोचायलाच सात महिने लागले. विकणारा तोवर गायब. आणि आल्या आल्या सगळ्या रिप करून (कॉम्प्युटरवर उतरवून) ठेवा, कंटाळवाणं आहे, दोन-तीन आठवडे जातात, ट्रॅकची नावं दर बॉक्समध्ये वेगळ्याच पद्धतीने येतात आणि डोकं फिरतं, पण खराब सीडी लगेच सापडते.

मग कोणी काय घ्यावं. बाखची नुकती ओळख झालीय आणि खिसा बेताचा: ब्रिलियंट, २०१४ वाला, डोळे मिटून. मोठा कोरस आणि बायकांचे आवाज आवडतात: हेन्सलर. थोडा खडबडीतपणा चालतो, पण कंटाळा चालत नाही: टेल्डेक. पैसे आहेत, कपाटात जागा आहे आणि पुस्तकं वाचायची हौस आहे: ३३३. आधीच गार्डिनरचा ५६ सीडींचा कँटाटा बॉक्स किंवा कंडक्टर सुझुकीचा कँटाटा संच घरात असेल तर माझं ऐका, यातला एकही घेऊ नका, ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड सुटे घ्या. कँटाटा मुळात अजून आवडायचेच असतील तर नेदरलँड्स बाख सोसायटीने २०१४ पासून एकेक रचना व्हिडिओ करून फुकट ठेवल्यात, त्या वर्षभर बघा, बॉक्स कुठे पळून जात नाही. बरं, ३३३ जाईल कदाचित.

आणि घेतलाच तर कँटाटाच्या पहिल्या सीडीपासून ओळीने सुरू करू नका. त्यांचे नंबर काळानुसार नाहीत, एकोणिसाव्या शतकात ज्या क्रमाने छापले गेले त्या क्रमाने आहेत, त्यामुळे १ नंबर चाळिशीतला आणि १०६ नंबर विशी-बाविशीतल्या पोराने लिहिलेला. ४ आणि १०६ आधी ऐका, दोन्ही तरुणपणचे, मग ६१, मग कुठेही जा.