जुन्या गाडीसाठी घेतलेलं इलेक्ट्रिक फ्युएल पंपाचं किट: पंप झकास, पण सोबतच्या डायग्रामवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा मेकॅनिकल पंप गेला. डायफ्रॅम फाटला होता आणि पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरत होतं, डिपस्टिकला वास यायला लागला तेव्हा कुठे लक्षात आलं. म्हणून हे किट घेतलं. त्यात लो प्रेशर पंप, साधा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज होल्डर, इनर्शिया स्विच (दणका बसला की करंट तोडणारा), वायर आणि एक कागदी डायग्राम येतो. सहा महिने वापरून मग लिहितोय.

आधी पंपाबद्दल. चांगला आहे, खरंच चांगला. गेज लावून बघितलं तर 3 पीएसआय (दाबाचं माप) देतो, माझ्या कार्ब्युरेटरला तेवढंच लागतं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तो 40 पीएसआयच्या पुढे जातो, कार्ब्युरेटरची नीडल व्हॉल्व्ह (आत येणारं पेट्रोल रोखणारी झडप) ते अडवूच शकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. पंप मागे टाकीजवळ आणि जमेल तितका खाली बसवा, हे पंप ढकलायला तगडे असतात, ओढायला नाही. टाकी आणि पंपाच्या मधे फिल्टर हवाच.

आता खरा मुद्दा, वायरिंग. डायग्राममध्ये रिले ट्रिगर करायला इग्निशन कॉइलच्या (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज बनवणाऱ्या) प्लसवरून वायर घ्या म्हटलंय. माझ्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा) आहे, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथे पूर्ण 12 व्होल्ट मिळतच नाहीत, मीटर 7 च्या आसपास दाखवत होता. त्यावर रिले कधी चालू होतो कधी नाही, मी दोन दिवस डोकं खाजवत बसलो. शेवटी फ्यूज बॉक्समधून चावी ऑन केल्यावर येणारा फीड घेतला तेव्हा जमलं. किटवाल्यांनी हे एका ओळीत लिहिलं असतं तरी पुरे होतं.

पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे डायग्रामप्रमाणे केलं तर चावी ऑन आहे तोवर पंप चालूच राहतो, इंजिन बंद पडलं तरी. विचार करा, गाडी ठोकली, पाइप फुटला, इंजिन थांबलं, चालक चावी फिरवायच्या अवस्थेत नाही, आणि मागे पंप शांतपणे पेट्रोल पाठवतोय. मेकॅनिकल पंपात हा धोका नसतो कारण तो इंजिनवरच फिरतो, इंजिन थांबलं की पंप थांबला. हीच गोष्ट वायरिंगने परत मिळवायची, बाकी सगळं त्यानंतर.

किटमधला इनर्शिया स्विच त्यासाठीच आहे, आत मॅग्नेटने धरलेला लोखंडी गोळा असतो, जोराचा दणका बसला की सुटतो आणि सर्किट तोडतो, वरचं बटण दाबलं की परत चालू. डायग्राममध्ये तो रिलेच्या ट्रिगरवर दाखवलाय, मी तो रिले आणि पंपाच्या मधे घातला, कारण रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तरी करंट तुटायला हवा. तो चांगल्या जाड पत्र्यावर उभा आणि घट्ट बसवा, लटकता ठेवलात तर काही उपयोग नाही.

पण गाडी नुसतीच बंद पडली, दणका बसलाच नाही, तर हा स्विच काहीच करत नाही. म्हणून साधा रिले काढून मी वेगळा टॅको रिले घेतला, तो कॉइलच्या मायनसवरून इंजिनचे पल्स बघतो, चावी लावल्यावर एक दोन सेकंद पंप चालवतो आणि पल्स नाही दिसले तर बंद करतो. ऑइल प्रेशर स्विचनेही हेच काम होतं, फक्त इंजिन घासलेलं असेल तर गरम आयडलला प्रेशर पडून पंपाचा करंट मधेच तुटू शकतो. ज्यांच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो (जुन्या ब्रिटिश गाड्या बघा) त्यांनी पंप आणि टॅको रिले दोन्हीची पोलॅरिटी आधी नीट वाचा, इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला की गेलाच समजा.

सोबतची वायर बारीक वाटली म्हणून बदलली, 1.5 स्क्वेअर एमएमची टाकली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पंपाजवळ नाही, कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो. माझा पंप 2 अँपिअरच्या आतच खातो, 5 चा फ्यूज पुरतो. पंप रबर माउंटवर आहे म्हणजे बॉडीतून अर्थ मिळत नाही, वेगळी काळी वायर काढून रंग खरवडलेल्या पत्र्यावर थिंबल लावून आवळली. किटमधले दाबून बसवायचे निळे जॉइंट मी वापरलेच नाहीत, चार महिन्यात गंज धरतात, नीट क्रिंप करून श्रिंक स्लीव्ह लावली. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट (रबरी रिंग). आणि हे सगळं करताना बॅटरीची थिंबल काढून ठेवली होती, पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच बघत असते.

झाल्यावर टेस्ट केली: पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघितलं, बॅटरीपेक्षा 0.3 व्होल्टने कमी, ठीक. मग गाडी उभी आणि इंजिन चालू ठेवून इनर्शिया स्विच काढून तळहातावर आपटला, पंप बंद. परत बसवला, बटण दाबलं, मग गिअरमध्ये टाकून मुद्दाम क्लच सोडून इंजिन बंद पाडलं, चावी ऑनच, पंपाची टकटक लगेच थांबली. तेव्हा कुठे मी निवांत झालो.

पाचपैकी पंपाला साडेचार, इनर्शिया स्विचला चार, वायर आणि जॉइंटला दोन, डायग्रामला एकसुद्धा नाही. पंपासाठी हे किट मी परत घेईन, पण वायर, जॉइंट आणि टॅको रिले आधीच वेगळे आणून ठेवीन.