प्लिकर्स: पोरांकडे मोबाईल नसतानाही वर्गात क्विझ घ्यायची असेल तर

ज्यांच्या कॉलेजचं वायफाय प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशीच संपतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय. बाकीच्यांनी खुशाल कहूट, मेंटिमीटर असली क्विझची ॲप्स वापरा, छान आहेत, पण त्या सगळ्यांना एकच अट आहे की प्रत्येक पोराच्या हातात चार्ज असलेला, नेटपॅक असलेला मोबाईल पाहिजे आणि तो त्याने क्विझसाठीच उघडला पाहिजे. अकरावी-बारावीला तर मोबाईल गेटवरच जमा करून घेतात बऱ्याच ठिकाणी. फुकटच्या प्लॅनमध्ये किती जण खेळू शकतात यावर बंधन असतं ते वेगळंच.

प्लिकर्स या ॲपमध्ये मोबाईल फक्त मास्तरकडे लागतो. पोरांच्या हातात कागदाचं एक कार्ड, त्यावर काळा चौकोनी आकार छापलेला, क्यूआर कोडचा जाडजूड भाऊ म्हणा. आकाराच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. तुम्ही प्रश्न विचारायचा, पोरांनी आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं आणि तुम्ही ॲपमधला कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. एकेक कार्ड वेगळं स्कॅन करावं लागत नाही, एका फ्रेममध्ये जेवढी दिसतील तेवढी एकदम उचलतं. स्क्रीनवर प्रत्येक कार्डावर नाव येतं, बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. प्रोजेक्टर असेल तर कोणाचं स्कॅन झालं ते समोर दिसतं आणि शेवटी बटण दाबलं की कोणत्या पर्यायाला किती मतं पडली त्याचा ग्राफ. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही, प्रश्न फळ्यावर लिहा आणि ग्राफ मोबाईलवर बघा.

प्रत्येक कार्डाचा आकार वेगळा असल्यामुळे शेजारच्याने कार्ड कसं धरलंय ते बघून कॉपी करता येत नाही, त्याचं 'बी' आणि तुमचं 'बी' दिसायला वेगळं असतं. अक्षरं इतकी बारीक की मागच्या बाकावरून वाचता येणारच नाहीत. अर्थात पोरं ती पोरं, ओठ न हलवता 'बी बी बी' म्हणायची कला त्यांनी लगेच आत्मसात केली. पण हे कमी होतं, कारण चुकलं तरी कोणाला कळत नाही हे एकदा लक्षात आलं की कॉपी करायची गरजच उरत नाही. कोपऱ्यात बसून वर्षभर तोंड न उघडणारी मुलंही कार्ड मात्र न लाजता वर धरतात, मला वाटतं या ॲपची खरी कमाई हीच आहे, तो रंगीत ग्राफ वगैरे कॉलेजची तपासणी करणाऱ्या नॅकच्या फाईलला फोटो लावायला बरा.

फिजिक्समधला माझा आवडता प्रश्न सांगतो. चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं ॲक्सिलरेशन किती? ए शून्य, बी ९.८ खालच्या दिशेने, सी ९.८ वरच्या दिशेने, डी चेंडूच्या वजनावर अवलंबून. नुसतं 'समजलं का' विचारलं की सगळे 'हो सर' म्हणणारा वर्ग इथे 'ए'वर जाऊन बसतो, कारण व्हेलॉसिटी शून्य म्हणजे सगळंच शून्य असं डोक्यात पक्कं असतं. आता इथे उत्तर सांगून टाकायचं नाही. ग्राफही दाखवायचा नाही. बरोबर उत्तर साधारण अर्ध्या वर्गाला आलंय असं मोबाईलवर दिसलं की म्हणायचं, शेजाऱ्याला पटवून द्या, दोन मिनिटं. जो काय कल्ला होतो तो होऊ द्यायचा, बाजूच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या तरी चालेल. मग परत कार्डं वर. दुसऱ्या वेळी 'बी' वाढलेलं असतं आणि तुम्ही एक शब्द बोललेला नसता. ही पद्धत हार्वर्डच्या एरिक माझुर यांची, १९९१ मध्ये त्यांनी फिजिक्सच्या वर्गात ती सुरू केली, पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात तिला. तिकडे पुढे प्रत्येकाच्या हातात क्लिकर नावाचं रिमोटसारखं यंत्र आलं, आपल्याकडे तेवढ्या यंत्रांचं कोटेशन मंजूर होईपर्यंत सिलॅबस बदलेल. एक करा, असा प्रश्न ॲपमधल्या प्रश्नांच्या रांगेत दोनदा टाकून ठेवा, म्हणजे आधीची आणि नंतरची मतं वेगवेगळी राहतात.

आता कार्डांबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. साईटवर पीडीएफ फुकट मिळते, ४० कार्डांचा संच आणि ६३ कार्डांचा संच. ए-फोरवर दोन कार्डं बसतात, म्हणजे ६३ कार्डांना ३२ पानं. साध्या झेरॉक्सच्या कागदावर काढलीत तर पंख्याच्या वाऱ्याने फडफडतात आणि आठवड्यात सुरळ्या होतात, जाड कागदावर काढा. झेरॉक्सवाला आग्रह करेल की 'सर लॅमिनेशन करून टाकू, टिकतील', तर चकचकीत लॅमिनेशन अजिबात करू नका, ट्यूबलाईट त्यावर अशी चमकते की कॅमेऱ्याला काळ्याच्या जागी पांढरं दिसतं आणि खिडकीकडची अख्खी रांग स्कॅनच होत नाही. मॅट मिळत असेल तरच करा. पोरांना पहिल्याच दिवशी दाखवा की कार्ड कडेने धरायचं, आकारावर बोट आलं की संपलं, आणि काळ्या आकाराला पेनाने दाढीमिशा काढायच्या नाहीत.

कार्ड नंबर म्हणजेच रोल नंबर ठेवा, डोक्याला ताप नाही. एकच संच सगळ्या वर्गांना चालतो, कारण १७ नंबरचं कार्ड अकरावीत कोणाचं आणि बारावीत कोणाचं हे ॲप तुम्ही निवडलेला वर्ग बघून ठरवतं. मी तर ॲपमध्ये नावंही टाकत नाही, 'रोल १७' एवढंच, उगाच पोरांची माहिती बाहेरच्या साईटवर कशाला, आणि प्रोजेक्टरवर नाव दिसलं की चिडवाचिडवी चालू होते ती वेगळी. कार्डं वाटण्यात पहिली दहा मिनिटं जातात अशी तक्रार स्टाफरूममध्ये ऐकली. त्यावर उपाय सोपा आहे, कार्ड पोरांनाच द्या, वहीच्या मागच्या पानाला पिनअप करून टाका. विसरणारे विसरतातच, म्हणून दोन-चार जादा नंबरांची कार्डं आपल्या डस्टरच्या डब्यात.

मोठी अडचण आहे ती ६३ च्या आकड्याची. आपल्याकडे एका डिव्हिजनला ऐंशी पोरं ही साधी गोष्ट आहे, डिग्रीला शंभराच्या वर. मग मी बाकाला एक कार्ड केलं. दोघांनी मिळून एक उत्तर ठरवायचं, भांडून ठरवा नाहीतर टॉस करून. मार्क द्यायचे असतील तर याचा उपयोग नाही, पण कुठे गाडी अडलीये ते कळायला झकास चालतं, उलट वादावादी आपोआप सुरू होते. हजेरीसाठी मात्र चुकूनही वापरू नका, एकेक महाभाग दोन्ही हातात दोन कार्डं धरून मित्राची प्रॉक्सी लावतो.

प्रश्न टाईप करणं हे थोडं कंटाळवाणं काम आहे, त्यात समीकरणं आली की बोलायलाच नको. माझा जुगाड असा की ॲपमध्ये नुसतं 'फळ्यावरचा प्रश्न' असं लिहून ठेवायचं आणि खरा प्रश्न, आकृती, इंटिग्रल सगळं खडूने फळ्यावर. बरोबर उत्तर नसलेला, नुसतं मत घेणाराही प्रश्न करता येतो, टेस्ट सोमवारी का गुरुवारी हे त्याच्यावर घेतलं तर वर्गात पहिल्यांदाच शंभर टक्के मतदान झालं. फुकटच्या खात्यात एका सेटमध्ये पाच प्रश्नांची मर्यादा आहे, पण अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात पाचच्या वर प्रश्न घेणारा मास्तर शिकवत कधी असेल हा माझा प्रश्न. बहुपर्यायीच्या पलीकडे काही करता येत नाही हेही आहेच, डेरिव्हेशन येतं का, भाषेच्या तासाला रसग्रहण जमतं का, ते कार्ड फिरवून कळणार नाही.

मोबाईल भारी लागत नाही, माझा जुनाच आहे. मास्तरच्या फोनला नेट मात्र पाहिजे, तेवढा डेटापॅक आपला आपण. उभं राहायचं प्लॅटफॉर्मच्या मधोमध, आणि एकदम अख्खा वर्ग न घेता रांगेरांगेने डावीकडून उजवीकडे, हात स्थिर. मागच्या बाकांची कार्डं पुढच्या पोरांच्या डोक्यामागे लपतात, त्यांना डोक्यावर धरायला सांगा. पायऱ्यांचा हॉल असेल तर काहीच त्रास नाही.

पाचातले चार स्टार, एक कापला तो ६३ साठी. पैसेवाल्या प्लॅनच्या नादी आधी लागू नका. पीडीएफमधली सुरुवातीची दहा कार्डं घरच्या प्रिंटरवर काढा, प्रॅक्टिकलच्या एका बॅचवर करून बघा, लॅबच्या उजेडात स्कॅन नीट होतंय का तेवढं तपासा आणि मगच जाड कागदाचं बंडल आणायला जा.