कोणते यांकीज घ्यावेत: १९२७ चे की १९९८ चे?
स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फासे आणि खेळाडूंच्या कार्डांवर खेळायच्या बेसबॉलच्या खेळात जुने संघ भिडवायचे, तर न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचा, १९२७ च्या यांकीजचा, मोह आवरत नाही. त्या हंगामात बेब रूथचे ६० होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), लू गेरिगचे ४७! तीन फाशांपैकी वेगळा असलेला एकटा फासा १, २ किंवा ३ पडला की निकाल फलंदाजाच्या कार्डावर जातो, आणि समोर रूथचं कार्ड असलं की पोटात गोळाच येतो.

१९९८ च्या संघात कुणाचेच ३० होमरन नाहीत. तरी ११४ विजय. खालच्या क्रमांकापर्यंत दमदार फलंदाजी, सामना संपवायला शेवटी गोलंदाज मारियानो रिवेरा. लांबलचक लीगसाठी मी हेच घेईन. शिवाय १९२७ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची, दारं बंद होती; तिथे रूथसमोर रिवेरासारखा कृष्णवर्णीय गोलंदाज कधी उभाच राहिला नाही. फाशांवर मात्र राहतो.