सोलरच्या डीसी बाजूला काय लावायचं: एमसीबी, एमसीसीबी की फ्यूज?

घरी 48 व्होल्टचा 3 किलोवॅटचा इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी आणि गच्चीवर साडेपाचशे वॅटचे सहा पॅनेल असं बसवायचं ठरलं की चर्चा सगळी पॅनेल आणि बॅटरीवर होते, ब्रेकर (शॉर्ट झालं की करंट तोडणारा स्विच) मात्र वायरमन आणेल तो, आणि आग लागायची शक्यता नेमकी तिथेच असते.

एमसीबी म्हणजे घरच्या बोर्डातला छोटा ब्रेकर, एमसीसीबी त्याचा मोठा भाऊ. पॅनेल आणि बॅटरीचा करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, म्हणून साधा एसी एमसीबी आधी बाजूला ठेवा. एसीत करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून कॉन्टॅक्ट उघडले की आर्क (मधली ठिणगी) विझते, डीसीत शून्य येतच नाही, आर्क ताणून, तुकडे करून, थंड करूनच मारावी लागते. "यावर 240 व्होल्ट लिहिलंय आणि आपले तर 48च" हा हिशोब धरू नका. काही कंपन्या एसी एमसीबीलाही पोलमागे (ब्रेकरमधल्या एका स्विचमागे) 60 व्होल्टच्या आसपास डीसी रेटिंग देतात, डेटाशीटमध्ये तसं छापलेलं असेल तर ठीक, पण 48 ची बॅटरी फुल चार्जला 57-58 पर्यंत जाते, तुलना त्या आकड्याशी करायची.

आता बॅटरीची बाजू, खरा प्रश्न इथेच आहे. 3000 वॅट भागिले 48 म्हणजे 62 अँपिअर वाटतात, पण बॅटरी उतरून 44 वर आली आणि इन्व्हर्टरचा लॉस धरला की 75 च्या पुढे जातात, म्हणून 100 चा ब्रेकर, आणि केबल 100 पेक्षा जास्त झेपणारी. शॉर्ट झालं तर बॅटरी हजारो अँपिअर ओतते, त्यामुळे 6 किंवा 10 केए (हजार अँपिअर) हा तोडायच्या क्षमतेचा आकडा डीसी व्होल्टेजला दिलाय का ते बघायचं, नुसता "10 केए" बघून भुलू नका. डीसी एमसीबी स्वस्त आणि डीबीत (ब्रेकरच्या बॉक्समध्ये) सहज बसतो, पण 100 अँपिअरला त्याची हद्द जवळ आलेली असते आणि टर्मिनलही तापतं. एमसीसीबी महाग, जागा जास्त खातो, पण टर्मिनल दणकट आणि तोडायची क्षमताही बहुतेक जास्त. फ्यूज यात सगळ्यात भरवशाचा, क्लास टी जातीचा तर 20 केए तोडतो, मात्र स्विच म्हणून कामाचा नाही आणि उडाला की नवीन आणावा लागतो. मला विचाराल तर बॅटरीच्या प्लसला अगदी लागून फ्यूज आणि पुढे एमसीसीबी, दोन्ही लावा. बजेट एकाचंच असेल तर फ्यूज आधी.

आणि इथे पोलराइज्ड ब्रेकर अजिबात नको! त्यातलं मॅग्नेट आर्कला एकाच दिशेने चेंबरमध्ये ढकलतं, बॅटरीत तर करंट चार्जिंगला एकीकडे आणि लोडला उलट वाहतो, उलट्या करंटला ब्रेकर उघडला की आर्क चेंबरऐवजी आतल्या यंत्रणेकडे जाते आणि ब्रेकरच जळतो. टर्मिनलपाशी प्लस-मायनस छापलेलं असेल तर बहुतेक तो पोलराइज्डच, दुकानदाराला नॉन-पोलराइज्डच मागा.

पॅनेलची गोष्ट वेगळी. सहा पॅनेल सिरीजला म्हणजे ओपन सर्किटला (लोड न जोडता) 300 व्होल्ट, थंडीच्या सकाळी अजून वाढतात, म्हणून 500 व्होल्टचा दोन पोलचा घ्या, आणि तो 500 आकडा पोलचा की दोन्ही पोल सिरीज केल्यावरचा ते कंपनीच्या आकृतीत पाहून वायरिंग करा. करंट मात्र जेमतेम 14, शॉर्ट झालं तरी तेवढाच, त्यामुळे 20 चा एमसीबी इथे शॉर्टमुळे ट्रिप होणारच नाही, तो फक्त स्विच आहे. एकच स्ट्रिंग (सिरीजला जोडलेली पॅनेलची माळ) असेल तर चांगला डीसी आयसोलेटर (हाताने बंद करायचा स्विच) पण चालतो. तीन किंवा जास्त स्ट्रिंग पॅरलल असतील तर प्रत्येकीला जीपीव्ही (सोलर पॅनेलसाठीचा) फ्यूज हवाच, कारण बाकीच्या स्ट्रिंग बिघडलेल्या एकीत करंट ढकलतात, आणि तो फ्यूज होल्डर लोडवर (करंट वाहत असताना) कधीच उघडायचा नाही.

नागपूर-अकोल्याकडच्यांनी अजून एक बघावं, एमसीबीचं रेटिंग साधारण 30 डिग्रीला धरलेलं असतं, मे महिन्यात गच्चीवरच्या बंद बॉक्समध्ये 60 सहज होतात, मग तो छापलेल्या करंटच्या आधीच ट्रिप होतो. बॉक्स सावलीत घ्या, नाहीतर डेरेटिंगचा (गरमीत रेटिंग किती कमी होतं त्याचा) तक्ता बघूनच साइज ठरवा. पॅकिंगवर आयईसी 60947-2 (ब्रेकरचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) आणि डीसी व्होल्टेज दोन्ही छापलेलं नसेल तर कितीही स्वस्त असला तरी तो ब्रेकर घेऊ नका.