ख्रिस्ती वैद्यकीय नीतिशास्त्राचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम: परीक्षण

वैद्यकीय नीतिशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य धोरण यांचा ख्रिस्ती श्रद्धेच्या भूमिकेतून विचार करणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. डॉक्टर, परिचारिका, रुग्णालयात रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे धर्मसेवक आणि आरोग्य प्रशासनातील अधिकारी अशा चौघांसाठी तो आखला असल्याचे आयोजक सांगतात. पहिल्या तिघांनी तो अवश्य करावा. अधिकाऱ्याच्या हाती मात्र त्यातून फारसे काही लागत नाही, आणि स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे व अतिदक्षता विभागात काम करत असल्यामुळे ही उणीव मला अधिक जाणवली.

अभ्यासक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांविषयीचा आहे. ‘जीवन पवित्र आहे, म्हणून शक्य ते सर्व उपचार शेवटपर्यंत करत राहिलेच पाहिजेत’, हीच ख्रिस्ती शिकवण असल्याचा समज श्रद्धावंतांमध्येही खोलवर रुजलेला आहे. अध्यापकांनी तो फार संयमाने दूर केला आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या धर्मशास्त्रज्ञाने आजारी माणसाने परवडत नसलेले महागडे अन्न केवळ प्रकृतीला हितकर आहे म्हणून खाल्लेच पाहिजे का, हा प्रश्न हाताळला होता. तिथपासून निघून अभ्यासक्रम नोव्हेंबर १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणापर्यंत येतो. जीवन टिकवण्यासाठी सामान्य साधने वापरणे हे कर्तव्य आहे, परंतु रुग्णावर किंवा इतरांवर असह्य भार टाकणारी असामान्य साधने वापरण्याचे बंधन नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले होते. साधन सामान्य की असामान्य, हे यंत्राच्या नावावरून ठरत नसून त्या रुग्णाच्या परिस्थितीवरून ठरते. तेच डायलिसिस एका रुग्णासाठी कर्तव्य असते आणि दुसऱ्यासाठी निव्वळ यातना. नातेवाइकांशी या विषयावर बोलावे लागणाऱ्या प्रत्येकाने हा भाग ऐकावा.

वेदनाशमनाचा पाठही तितकाच काळजीपूर्वक रचला आहे. दुहेरी परिणामाचे तत्त्व, म्हणजे चांगल्या हेतूने केलेल्या कृत्याचा आधीच दिसणारा पण हेतू नसलेला दुष्परिणाम क्षम्य ठरू शकतो हा विचार, बहुतेक ठिकाणी असे शिकवले जाते की जणू मॉर्फिनची प्रत्येक मात्रा मृत्यू जवळ आणते आणि केवळ हेतू शुद्ध असल्यामुळे ती क्षम्य ठरते. येथे आधी वैद्यकीय वस्तुस्थिती सांगितली आहे: वेदनेच्या प्रमाणात, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने सहसा आयुष्य घटत नाही. तत्त्वाची चर्चा त्यानंतर येते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांचे सेवाकेंद्र सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांच्या कार्याला यात योग्य स्थान मिळाले आहे. शारीरिक वेदनेबरोबर मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक वेदनाही पाहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेशी किती घट्ट जोडलेला होता, हे अध्यापकांनी विस्ताराने मांडले आहे. दयामरणाच्या मागणीला नुसता नकार देणे पुरेसे नाही, त्या मागणीमागची यातना कमी करणे हे नकार देणाऱ्याचेच काम आहे, असे ते म्हणतात, आणि मला ते पूर्णपणे पटते.

मतभेदही लपवलेले नाहीत. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णाला नळीद्वारे अन्नपाणी देणे हे तत्त्वतः सामान्य साधन आहे, अशी भूमिका पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ मध्ये मांडली, तेव्हा कॅथोलिक नीतिशास्त्रज्ञांमध्येच मोठा वाद झाला. अभ्यासक्रमाने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद न्याय्य रीतीने दिले आहेत.

गर्भनिरोधन आणि कृत्रिम गर्भधारणा यांवरील पाठ मात्र निराश करतात. ‘ख्रिस्ती दृष्टी’ असे शीर्षक देऊन प्रत्यक्षात केवळ कॅथोलिक शिकवण सांगितली जाते. अँग्लिकन बिशपांच्या १९३० च्या लॅम्बेथ परिषदेने मर्यादित परिस्थितीत गर्भनिरोधनाला मान्यता दिली आणि त्यानंतर अनेक प्रोटेस्टंट चर्चने वेगळा मार्ग धरला, याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. ऑर्थोडॉक्स परंपरा तर चौथ्या शतकात रुग्णसेवेचे मोठे केंद्र उभारणाऱ्या कैसरियाच्या संत बेसिल यांच्यापुढे सरकतच नाही.

लसीकरणाच्या पाठाने ही निराशा बरीच भरून काढली. काही लसींच्या निर्मितीत १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या भ्रूणांपासून मिळवलेल्या पेशींचे वंश वापरले जातात, हे अनेक श्रद्धावंतांना अस्वस्थ करणारे सत्य आहे. दुसरा पर्याय उपलब्ध नसताना अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, कारण मूळ कृत्याशी असलेला संबंध अत्यंत दूरचा आहे, ही व्हॅटिकनची डिसेंबर २०२० ची भूमिका येथे टप्प्याटप्प्याने उलगडली आहे. त्याच निवेदनात लसीकरण ऐच्छिक असावे असे म्हटले होते. मात्र विवेकापोटी लस नाकारणाऱ्याने आपल्यामुळे संसर्ग पसरू नये यासाठी शक्य ते सर्व करावे, आणि गरीब देशांपर्यंत लस पोहोचवणे हे नैतिक कर्तव्य आहे, असेही त्यात होते. लोक सोयीने यांतील एकच भाग उद्धृत करतात. येथे सर्व भाग एकत्र वाचायला मिळतात. गर्भवतीला रुबेला झाल्यास गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाला जन्मजात व्यंग येऊ शकते, म्हणजेच अशाच पेशींमध्ये तयार होणारी रुबेलाची लस स्वतःच अजात बालकांचे रक्षण करते, हा मुद्दाही नेमक्या जागी आला आहे. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२७ च्या प्लेगच्या काळात लिहिलेल्या पत्राचा उल्लेखही समर्पक आहे: औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, गरज नसेल तेथे जाऊ नये, पण शेजाऱ्याला आपली गरज असेल तर मागे हटू नये.

यानंतर धोरणाचा विभाग सुरू होतो आणि अभ्यासक्रमाची पकड सैल होते. मनुष्य देवाची प्रतिमा आहे, दुर्बलांना प्राधान्य द्यावे, जे काम लहान समुदाय करू शकतो ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, ही तत्त्वे सुंदर शब्दांत सांगितली जातात. पण मर्यादित निधी वाटायला बसलेल्या अधिकाऱ्याने त्यांचे काय करावे, हे सांगितले जात नाही. उपचाराने वाढणारी वर्षे आणि त्या वर्षांतील जीवनाचा दर्जा यांचा एकत्रित हिशोब करून निधी वाटण्याची पद्धत अनेक आरोग्य यंत्रणा वापरतात. अशा हिशोबात अपंग व्यक्तीच्या आयुष्याला कमी मोल मिळू शकते, हा अभ्यासक्रमाचा आक्षेप रास्त आहे. मग त्याऐवजी कोणता निकष लावायचा? महागड्या कर्करोगाच्या औषधावर की बालकांच्या पोषणावर खर्च करायचा, हा निर्णय कुणाला तरी घ्यावाच लागतो, आणि ख्रिस्ती नीतिशास्त्राने तेथे गप्प बसणे मला मान्य नाही.

डॉक्टरांच्या विवेकाधारित नकाराचा विषयही असाच अर्धवट सोडला आहे. डॉक्टरच्या सदसद्विवेकाचे रक्षण का व्हावे, हे प्रभावीपणे सांगितले आहे, परंतु परिसरातील एकमेव रुग्णालय चर्चचे असेल तर त्या रुग्णाने कुठे जावे, हा प्रश्न विचारलेलाही नाही. वेगळी श्रद्धा असलेल्या किंवा श्रद्धा नसलेल्या नागरिकांना पटेल अशा भाषेत आपली भूमिका कशी मांडावी, यावर एक स्वतंत्र पाठ असायलाच हवा होता.

याहून मोठी चूक इतिहासाची आहे. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने मोठ्या रुग्णालयांवरचा भर कमी करून गावपातळीवरील, लोकसहभागातून चालणाऱ्या आरोग्यसेवेचा आग्रह धरला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेशी त्याचे सहकार्य झाले आणि १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने केलेल्या घोषणेतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचारावर त्याचा प्रभाव पडला. ख्रिस्ती विचाराने सार्वजनिक धोरण घडवल्याचे इतके ठळक उदाहरण हाताशी असताना त्याचा साधा उल्लेखही येथे नाही.

मूल्यमापनाच्या पद्धतीतही सुधारणा हवी. गुंतागुंतीच्या नैतिक प्रसंगावर चार पर्यायांतून एक ‘बरोबर’ उत्तर निवडायला लावणे विषयाला शोभत नाही. याउलट लेखी प्रकरण-अभ्यासांवर मार्गदर्शकांनी दिलेले अभिप्राय सविस्तर आणि प्रामाणिक असतात. परिचारिकांच्या अनुभवाला डॉक्टरांइतकेच वजन देणारे असे मार्गदर्शक क्वचितच भेटतात. वेळ कमी असेल त्यांनी आयुष्याची अखेर, वेदनाशमन आणि लसीकरण हे तीन विभाग आधी घ्यावेत आणि त्यांचे लेखी अभ्यास टाळू नयेत. धोरणाच्या विभागासाठी नोंदणी करू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र सुधारित आवृत्तीची वाट पाहावी.