२४ मेगाहर्ट्झचा बिननावाचा लॉजिक ॲनालायझर: ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा अभिप्राय

लॉजिक ॲनालायझर म्हणजे डिजिटल सिग्नल कधी वर-खाली झाले ते टिपून पीसीवर दाखवणारं यंत्र. हा काडेपेटीएवढा काळा डबा. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला आठ चॅनेल आणि ग्राउंड. कंपनीचं नाव कुठेच नाही. आत सायप्रसची एफएक्स२एलपी चिप आहे. सिगरॉक या मुक्त प्रकल्पाचं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) यूएसबीवरून तिच्यात चढतं आणि त्याच प्रकल्पाच्या पल्सव्ह्यू या पीसीवरच्या प्रोग्राममध्ये लहरी दिसू लागतात. जोडणीबद्दल एवढं पुरे.

मी लिनक्स कर्नेलचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहितो. कोडमध्ये यूडिलेला (मायक्रोसेकंदांत थांबवणारं कर्नेलचं फंक्शन) १० दिले की पिनवर बरोबर १० मायक्रोसेकंद गेले, असं सगळेच धरून चालतात. कोड तपासणारेही त्या आकड्यावर थांबत नाहीत, कारण पडताळायला हाताशी काही नसतं. लॅबमधल्या ऑसिलोस्कोपपुढे कायम दुसराच कुणीतरी बसलेला. हा डबा मात्र टेबलावर पडून असतो, म्हणून वापरला जातो.

पहिली परीक्षा सोपी: कर्नेल मॉड्यूलमधून जीपीआयओ (कोडने वर-खाली करता येणारी पिन) वर, यूडिले १०, जीपीआयओ खाली. बहुतेक पल्स दहाच्या किंचित वर. मध्येच एखादा चांगलाच लांब, कारण यूडिले फिरत असताना इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कामाला लावणारा इशारा) येऊन गेला. इंटरप्ट बंद केले की ते लांब पल्स गायब. यूडिले 'बरोबर एवढंच' असं वचन देत नाही, हे वाचलेलं असतं. पडद्यावर दिसलं की पटतं.

झोपणाऱ्या डिलेचा, म्हणजे प्रोसेसर इतर कामांना सोडून थांबण्याचा, प्रकार आणखी गमतीचा. एचडी४४७८० एलसीडीला स्क्रीन पुसायला १.५२ मिलिसेकंद लागतात, म्हणून लोक एमस्लीप २ (दोन मिलिसेकंद झोप) लिहून मोकळे होतात. एचझेड १०० (कर्नेलच्या घड्याळाच्या सेकंदाला १०० टिक) असलेल्या जुन्या कर्नेलवर टिकच १० मिलिसेकंदांची, त्यामुळे प्रत्यक्षात १० ते २० मिलिसेकंद जातात. एलसीडी रेंगाळते आणि बोल एलसीडीला लागतो. तिथे यूस्लीप रेंज (किमान-कमाल मायक्रोसेकंद देऊन झोपवणारं फंक्शन) टाकलं की पडद्यावर लहरींमधली ती मोकळी जागा लगेच आखडलेली दिसते.

पण पैसे वसूल झाले ते पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर. कार्डावरच्या एका चिपची रिसेट लाइन ठरावीक वेळ खाली धरायची होती. कोड निर्दोष: रजिस्टरमध्ये शून्य लिहा, थांबा, एक लिहा. तरी चिप कधी उठायची, कधी नाही. अशा वेळी आपली परंपरा म्हणजे डिले दुप्पट करणे! प्रोब लावल्यावर पल्स मागितल्यापेक्षा आखूड दिसला. पीसीआयवरचा राइट 'पोस्टेड' असतो: प्रोसेसर लिहून पुढे जातो, पण ते मूल्य वाटेतल्या ब्रिजच्या (बसचे भाग जोडणाऱ्या चिपच्या) बफरमध्ये रेंगाळू शकतं. तेवढ्यात यूडिलेचं घड्याळ सुरू झालेलं असतं. पहिला राइट उशिरा पोचला, दुसरा पटकन, की मधला वेळ खाल्ला गेला. उपाय एका ओळीचा: राइटनंतर त्याच डिव्हाइसचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचायचं. ते वाचन त्याआधीचे राइट पोचल्याशिवाय परतत नाही. मग डिले. पल्स मागितला तेवढा झाला, आणि वाढवलेले आकडे पुन्हा कमी करता आले. नुसता कोड वाचून हे सापडायला फार वेळ गेला असता.

आता उणिवा. २४ मेगाहर्ट्झ म्हणजे दर ४१.७ नॅनोसेकंदांना एक नमुना. त्याच एलसीडीचा एनेबल पल्स ('डेटा घे' असं सांगणारा) ३.३ व्होल्टवर किमान ४५० नॅनोसेकंद हवा. तो कसाबसा दहा-अकरा नमुन्यांत मावतो, चालतं. पण ५ व्होल्टवरचा ८० नॅनोसेकंदांचा डेटा सेटअप टाइम (डेटा किती आधी स्थिर हवा तो वेळ) यावर मोजू नका, दोन नमुन्यांत काय कळणार? पीसीवर पोर्ट ८० ला लिहून मायक्रोसेकंदभर थांबायची जुनी युक्ती पाहायची हौस असेल, तर तीही फिटणार नाही. जुन्या पीसींत तो राइट ज्या एलपीसी बसवरून जातो, तिचं क्लॉकच ३३ मेगाहर्ट्झचं.

डब्यात स्वतःची मेमरी नाही, सगळे नमुने थेट यूएसबीवरून जातात. त्याच मशीनवर कर्नेल कंपाइल होत असेल तर २४ वर कॅप्चर अर्ध्यात तुटतं. वेग कमी करा किंवा कंपाइल थांबवा. आयसोलेशनही (पीसीपासून विद्युत विलगता) नाही, आणि ५ व्होल्टच्या वर काही जोडायचं नाही.

सोबतच्या वायरी सैल आहेत, पहिल्याच दिवशी बदला. वन-वायर सेन्सर, एलसीडी, रिसेट आणि पॉवर सिक्वेन्स यांच्यासाठी जरूर घ्या. फ्लॅश चिप ५० मेगाहर्ट्झवर चालवणाऱ्यांनी दुसरं काही बघावं.