हायड्रॉक्सियुरियाचे अकरा महिने आणि एमसीव्हीची चुगली

मला सिकलसेल आहे, लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. वजन ५४ किलो. हायड्रॉक्सियुरिया सुरू करून अकरा महिने झाले. त्याआधी दोन वर्षं मी नुसती टाळाटाळ केली, कारण कुणीतरी कानात सोडलं होतं की ‘ते कॅन्सरचं औषध आहे.’ खोटं नाही ते. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हे औषध वापरतात. पण आमच्यासाठी त्याचं काम वेगळं. जन्माआधी आपल्या रक्तात जे फीटल हिमोग्लोबिन असतं ते यानं पुन्हा वाढतं, आणि ते वाढलं की लाल पेशींचं विळ्यासारखं वाकणं कमी होतं. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. त्यात हे औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण २.५ वेळा दुखण्याचा झटका आला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना ४.५ वेळा. झटके पूर्ण थांबतात असं कुणी म्हणत नाही. दुखायला लागल्यावर जास्तीची कॅप्सूल घेऊनही उपयोग नाही, हे वेदनाशामक नव्हे.

पहिले तीन महिने काहीही फरक जाणवला नाही. उलट मळमळ. कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायला लागलो तशी मळमळ गेली. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो.

आता खरी कटकट. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, आणि माझ्या वजनाला सुरुवातीचा डोस बसला मधेच कुठेतरी. म्हणून एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्री अकरा वाजता डबी हातात घेऊन ‘काल एक होती की दोन?’ असा विचार करत बसलोय कितीदा तरी. शेवटी विषम तारखेला एक, सम तारखेला दोन असं ठरवलं. त्यातही ३१ आणि १ अशा दोन विषम तारखा लागोपाठ येतात. डॉक्टरांना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “त्यानं काही बिघडत नाही, पण विसरलेली कॅप्सूल दुसऱ्या दिवशी भरून काढू नका.” हा नियम पक्का: चुकली ती चुकली.

कॅप्सूल हाताळण्याबद्दल मी सुरुवातीला गाफील होतो. आठवड्याची डबी आई भरायची, उघड्या हातानं. एकदा एक कॅप्सूल चिरडून पांढरी पूड खणात सांडली आणि तिनं ती पदरानं पुसली. पुढच्या भेटीत सांगितल्यावर बोलणी खाल्ली, आईनं नव्हे, मी. ही पूड त्वचेला लागू नये, श्वासात जाऊ नये. सांडली तर हातमोजे घालून ओल्या कागदानं टिपायची आणि कागद पिशवीत बंद करून टाकायचा. कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं डबीला हातही लावू नये. आता डबी मीच भरतो. आधी आणि नंतर हात धुतो.

चौथ्या महिन्यात डोस रोज दोनवर नेला आणि पाचव्याच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीत, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९०० आले, फारच कमी. मला काहीही होत नव्हतं. ताप नाही, थकवा नाही. तपासणी टाळली असती तर कळलंही नसतं. औषध बंद, दर आठवड्याला सीबीसी. दोन आठवड्यांत आकडे वर आले आणि पुन्हा एक-दोन, एक-दोन सुरू. म्हणून सीबीसीची तारीख मी कॅप्सूलइतकीच धरतो. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, आता दर दोन महिन्यांनी. आणि ताप १०१ फॅरनहाइट झाला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, तडक दवाखाना. सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, बहुधा निकामी झालेली असते, त्यात पांढऱ्या पेशी कमी असतील तर संसर्ग वाट बघत नाही.

आता चुगलीची गोष्ट. या औषधानं लाल पेशी आकारानं मोठ्या होतात आणि रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा, चढतो. माझा ८४ वरून १०६ वर गेला होता. आठव्या महिन्यात तब्येत इतकी छान होती की मी आठवड्यातून तीन-चार रात्री सरळ विसरत होतो. पुढच्या रिपोर्टात एमसीव्ही ९७. डॉक्टरांनी कागदावरून नजर वर केली आणि एवढंच विचारलं, “किती बुडाल्या?” खोटं बोलायला जागाच नव्हती. नवव्या महिन्यात एक झटका आला. बुडालेल्या रात्रींमुळेच आला का, ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

हिशेब सांगायचा तर आधीच्या वर्षी पाच झटके, दोनदा भरती. या अकरा महिन्यांत तीन झटके, भरती एकदाही नाही. नखांवर काळपट उभ्या रेघा आल्यात, केस थोडे विरळ झालेत. नखांचं मला काही वाटत नाही, केसांचं वाटतं. पायाच्या घोट्याजवळ जखम होते का ते अंघोळीच्या वेळी बघतो, कारण हे औषध घेणाऱ्यांना तिथे चिघळणारे व्रण होऊ शकतात. कुठलीही लस घेण्याआधी औषधाचं नाव सांगतो, जिवंत विषाणूची लस यावर चालत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आधी विचारायला हवं होतं. या औषधानं शुक्राणूंची संख्या घटू शकते. शिवाय औषध चालू असताना आणि पुरुषानं ते बंद केल्यावरही किमान वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात. शुक्राणू साठवून ठेवायचे असतील तर औषध सुरू करण्याआधी. मी माहितीपत्रकाची घडी सहाव्या महिन्यात उघडली. पुढच्या भेटीला बायकोही येणार आहे, विषय तोच.